पिंक फ्लॉइड कुठून सुरू करायचा? रिचर्ड राइटच्या कीबोर्डचा माग काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची गाजलेली पाच-सहा गाणी प्लेलिस्टवर ऐकलीत, आवडली, मग तीन मित्रांना विचारलंत की आता पूर्ण अल्बम कुठला ऐकू. एकानं सांगितलं डार्क साइड ऑफ द मून, दुसऱ्यानं द वॉल, आणि तिसरा म्हणाला ॲनिमल्स ऐक, बाकी सगळं त्याच्यापुढे पाणी कम. तुम्ही डार्क साइड दोनदा लावलात आणि तुमचे शब्द आहेत की "छान आहे, पण लोक याच्यासाठी एवढे वेडे का होतात ते काही कळलं नाही". आता तुम्हाला हवंय की सगळ्यात भारी अल्बम कुठला ते कुणीतरी एकदाचं सांगून टाकावं.

मी गेली वीसेक वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, आणि हा बँड त्याच्याही आधीपासून ऐकतोय. स्टुडिओत नवीन स्पीकर आले, हेडफोन आले, खोलीत काही बदल केला की मी आधी यांचाच एखादा ट्रॅक लावून बघतो, कारण तो कसा वाजायला पाहिजे ते मला पाठ आहे. त्यामुळे मी जे सांगतोय ते कामाच्या सवयीतून आलेलं आहे, थोडं एकांगी असेल, पण मनापासून आहे.

माझ्या मते तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. डार्क साइड तुम्हाला का भिडला नाही हा एक, आणि तीन जाणती माणसं तीन वेगळे अल्बम का सांगतात हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सापडलं की कुठून सुरुवात करायची ते तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून पहिला प्रश्न आधी उरकतो.

डार्क साइड मार्च १९७३ मध्ये आला, आणि तो रेकॉर्डसाठी, म्हणजे तबकडीसाठी बनवलेला आहे. एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटं, मग उठायचं, रेकॉर्ड उलटायची, परत बसायचं. त्या उठण्याला सुद्धा मांडणीत जागा आहे, पहिली बाजू क्लेअर टॉरी या गायिकेच्या त्या आर्त गाण्यावर संपते आणि दुसरी बाजू एकदम नाण्यांच्या खणखणाटानं उघडते. मधे घरातली शांतता असायची म्हणून तो खणखणाट दचकवायचा. आता फोनवर ते लागोपाठ येतं, आणि त्यात क्रॉसफेड चालू असेल तर एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं एकमेकांवर चढतं.

माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाची हीच तक्रार होती, अगदी तुमच्याच शब्दांत. मी त्याचा फोन घेऊन बघितला तर क्रॉसफेड सहा सेकंदांवर आणि शफल चालू. आता बघा, डार्क साइडमधलं ऑन द रन संपतं ते एका स्फोटानं, मग धूर विरावा तसा तो आवाज विरत जातो, पावलं ऐकू येतात, आणि मग घड्याळांची टिकटिक सुरू होऊन सगळी घड्याळं एकदम वाजायला लागतात. ही घड्याळं ॲलन पार्सन्स या इंजिनिअरनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती, खरं तर क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाच्या प्रात्यक्षिकासाठी, ती पुढे इथे कामाला आली. त्या घड्याळांच्या आधीची जी पोकळी आहे ना, तीच त्या मुलाच्या फोनमध्ये खाल्ली गेली होती. पोकळी नाही तर दचकणं नाही, आणि मग ते नुसते घड्याळांचे आवाज उरतात.

तेव्हा आधी एवढं करा. शफल बंद, क्रॉसफेड शून्य, मधे खंड न पडता वाजवण्याची सोय असेल तर ती चालू. आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी जी सेटिंग असते ती बंद, कारण या बँडची निम्मी जादू हळू आणि मोठा यांच्यातल्या अंतरात आहे. डार्क साइडच्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके आधी ऐकूच येत नाहीत असं वाटलं म्हणून आवाज वाढवू नका, ते मुद्दामच तसे आहेत. साधे वायरवाले हेडफोन पुरतात, महागडं काही लागत नाही. हातात दुसरं काम नको एवढं मात्र पाळा.

आता दुसरा प्रश्न, आणि मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

पिंक फ्लॉइड हे नाव एकच असलं तरी आत तीन-चार वेगळे बँड आहेत. १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला तेव्हा सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन, आणि यातले शेवटचे तिघे आर्किटेक्चर शिकणारे. बॅरेटची तब्येत ढासळत गेली, डेव्हिड गिल्मोर आला, १९६८ मध्ये बॅरेट बाहेर पडला. मग काही वर्षं चौघंही सारख्या हातानं काम करतायत, मग हळूहळू वॉटर्सचे शब्द आणि वॉटर्सची मतं मोठी होत गेली, १९८५ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढचा बँड गिल्मोरचा. आता कुणी तुम्हाला आवडता अल्बम सांगतो तेव्हा तो खरं म्हणजे यातला कुठला बँड त्याला आवडतो ते सांगत असतो. शब्दांचा माणूस वॉलकडे जाणार, कडवटपणा आणि गिटार दोन्ही हवं असलेला ॲनिमल्सकडे. तिघेही बरोबरच आहेत.

मग आपण ओळखायचं कसं? बहुतेक जण वॉटर्स विरुद्ध गिल्मोर असा मामला मांडतात, शब्द विरुद्ध गिटार. मला तो अपुरा वाटतो. मी इतक्या वर्षांत एक साधी खूण धरून ठेवलीय, ती म्हणजे रिचर्ड राइटचा कीबोर्ड. प्रत्येक अल्बममध्ये राइटला किती जागा आहे ते ऐका. त्याचा ऑर्गन, पियानो, सिंथ जिथे भरपूर आहे तिथे बँडच्या आवाजात हवा आहे, लांबी आहे, वाद्यांच्या मागे काहीतरी पसरलेलं आहे असं वाटतं. तो कमी होत गेला तसतशा भिंती जवळ येतात, आवाज कोरडा होतो, शब्द पुढे येतात. कोरडा म्हणजे वाईट नाही हं, ती वेगळी चव आहे. पण तुम्हाला किती हवा लागते हे एकदा कळलं की तुमचा अल्बम सापडला.

म्हणून मी तुम्हाला डार्क साइड आधी ऐकायला सांगणार नाही. मेडल ऐका, १९७१ चा.

मेडलची आख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, एकोज, साडेतेवीस मिनिटांचं. ते सुरू होतं एका स्वरानं. पियानोची एकच वरची पट्टी, पण तिचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला, त्यामुळे ती पाण्यात थेंब पडावा किंवा पाणबुडीच्या यंत्रानं खूण द्यावी तशी वाजते. टिंग. मग थांबा. परत टिंग. ही पट्टी राइटची. यांच्याकडे त्या वेळी गाणं असं काही नव्हतंच, स्टुडिओत बसून प्रत्येकानं तुकडे वाजवले आणि त्या तुकड्यांना नाव काय दिलं तर नथिंग, नथिंग एक ते नथिंग चोवीस. त्या चोवीस 'काहीच नाही' मधून हे गाणं उभं राहिलं, आणि सगळ्याचा उगम तो एक थेंब. मला कामात कुणी विचारलं की गाण्याची सुरुवात कशी करावी तर मी हे लावतो आणि पहिलं अर्धं मिनिट कुणाला बोलू देत नाही. तुम्ही हेडफोन लावून फक्त एक करा, प्रत्येक टिंगनंतर तो आवाज विझतो कसा, किती लांब जाऊन विझतो, तेवढं ऐका. पुढे राइट आणि गिल्मोर एकत्र गातात, दोघांचे आवाज इतके जवळचे की कोण कुठला ते पटकन सांगता येत नाही, मग मधे एक जड ठेका, मग काही मिनिटं गाणं पार अंधारात जातं, वारा आणि किंकाळ्यांसारखे आवाज, आणि त्या अंधारातून परत तोच टिंग येतो. पहिल्यांदा तो परत आला तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता, आणि अजूनही येतो.

एकोज तुम्हाला भिडलं तर तुम्ही हवा लागणाऱ्यांपैकी आहात. नाही भिडलं, कंटाळा आला, मधल्या भागात सारखं घड्याळ बघितलंत, तरी हरकत नाही, मग खाली ॲनिमल्सवर लिहिलंय तिकडे जा. पहिल्या बाजूवर वन ऑफ दीज डेज आहे, दोन बेस गिटार एको मशीनमधून वाजतायत, तेही जोरात लावून ऐका. आणि आवडलंच तर ऑक्टोबर १९७१ मध्ये पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडळात, समोर एकही प्रेक्षक नसताना यांनी वाजवलं त्याचं चित्रीकरण बघा. कोण काय वाजवतंय हे डोळ्यांनी दिसलं की कानांना पुढचं सोपं जातं.

यानंतर डार्क साइड असं कालक्रमानं कुणीही सांगेल, पण तुम्ही तो नुकताच दोनदा ऐकलाय आणि त्याच्याविषयी मन थोडं थंड झालंय. महिनाभर ठेवून द्या. आता विश यू वर हिअर लावा, सप्टेंबर १९७५ चा. माझा सगळ्यात आवडता हाच, त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार आहे.

डार्क साइडनं यांना नको इतकं यश दिलं. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो अल्बम १९७३ ते १९८८ मध्ये मिळून ७४१ आठवडे राहिला, यावरून अंदाज करा. त्यानंतर चौघं स्टुडिओत परत आले तेव्हा काय करायचं तेच सुचत नव्हतं. मधे त्यांनी वाद्यं सोडून घरातल्या वस्तूंवर एक अल्बम करायचा घाट घातला होता, रबर बँड, बाटल्या, वाइनच्या ग्लासांच्या कडा, तो काही झाला नाही, पण त्या ग्लासांचा आवाज शाइन ऑन यू क्रेझी डायमंडच्या सुरुवातीला आहे. तुम्हाला सिंथ वाटेल, तो आहेच राइटचा, पण त्याच्यात काचेची एक झिलई मिसळलेली आहे ती या ग्लासांची. त्याच्यावर गिल्मोरची गिटार येते, सावकाश, वाक्य बोलून थांबावं तशी. आणि चौथ्या मिनिटाच्या आसपास ते चार स्वर. चारच. गिल्मोरला ते वाजवताना सापडले, वॉटर्सला त्यात बॅरेटची आठवण ऐकू आली आणि गाणं तिकडे वळलं. गायन सुरू व्हायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. आज कुणी माझ्याकडे असं गाणं आणलं तर मीच म्हणेन की बाबा सुरुवात कापू या, आणि ते चूक ठरेल, कारण त्या आठ मिनिटांत तुमचा श्वास त्यांच्या लयीत आलेला असतो.

हा सगळा अल्बम तिथे नसलेल्या माणसाबद्दल आहे. आणि ५ जून १९७५ रोजी, याचंच काम चालू असताना, ॲबी रोडच्या स्टुडिओत एक लठ्ठ माणूस आला, डोक्यावरचे केस आणि भुवया सुद्धा काढलेल्या. कुणी ओळखलं नाही. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की हा सिड बॅरेट आहे. ज्याच्यावर गाणं करतोय तोच समोर उभा, आणि आपल्याला ओळखू येत नाही. हे माहीत झाल्यावर मी तो अल्बम पुन्हा ऐकला तेव्हा वेगळाच झाला होता.

आता एक जागा अगदी जवळून दाखवतो, कारण मिक्सिंग म्हणजे काय हे मी स्वतः इथे शिकलो. हॅव अ सिगार हे गाणं, जे रॉय हार्परनं गायलंय, बँडमधल्या कुणी नाही, ते शेवटी गिटारच्या भरात असताना एकदम कुणीतरी शोषून घ्यावं तसं आक्रसतं आणि एका छोट्या रेडिओत जाऊन बसतं. मग रेडिओची सुई फिरते, बोलण्याचे तुकडे, वाद्यवृंदाचा एक तुकडा, हे खरंच गिल्मोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेलं आहे. सुई थांबते आणि रेडिओवर एक बारा तारांची गिटार वाजायला लागते, पातळ, खरखरीत, लांबून. थोड्या वेळानं खोलीत बसलेला कुणीतरी खोकतो, श्वास घेतो, आणि रेडिओवरच्या गिटारला साथ द्यायला स्वतःची गिटार वाजवायला लागतो. ही दुसरी गिटार भरीव आहे, लाकूड ऐकू येतं, बोटं ऐकू येतात. म्हणजे दोन गिटार, दोन्ही एकाच माणसाच्या, पण एक तिकडे आणि एक इथे. अल्बमचा विषय आहे कुणीतरी इथे नसणं, आणि तो विषय एकही शब्द यायच्या आधी नुसत्या आवाजाच्या अंतरातून सांगून झालाय. फोनच्या स्पीकरवर दोन्ही गिटार पातळच लागतात त्यामुळे तिथे हे कळत नाही. प्लेलिस्टमध्ये तुम्ही हे गाणं ऐकलंच असेल. आता आधीच्या गाण्यासकट ऐका.

मग डार्क साइडकडे या, आणि या वेळी राइटचं बोट धरून या. ब्रीदमध्ये एक कॉर्ड येतो, जरा तिरका, जॅझमधला, तो माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लू या अल्बममधून आपल्याकडे आला असं राइटनंच सांगितलंय. टाइममध्ये गिल्मोर कडक आवाजात गातो आणि मधल्या मऊ ओळी राइट गातो, तो बदल आला की गाण्याची खोलीच बदलते. द ग्रेट गिग इन द स्काय ही राइटची पियानोची रचना, तिच्यावर क्लेअर टॉरीला बोलावून सांगितलं की शब्द नाहीत, तू गा, आणि तिनं जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. तिला त्या कामाचे ३० पौंड मिळाले होते. पुढे २००४ मध्ये तिनं दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि आता राइटच्या जोडीला संगीतकार म्हणून तिचं नाव लागतं, ते लागायलाच पाहिजे होतं. अस अँड देमचा पियानो राइटनं खरं तर अँटोनियोनीच्या १९७० च्या एका सिनेमासाठी केला होता, दिग्दर्शकाला नको वाटला, तो पडून राहिला आणि इथे आला. अल्बमचं कव्हर साधं, नेटकं असावं ही मागणीही राइटचीच, त्यातून ते प्रिझमचं चित्र आलं.

मनीमध्ये मात्र राइट मागे आहे, तिथे नाण्यांचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा टेप लूप ऐका. टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापून, चिकटवून गोल केलेली ती माळ आहे, आणि गाणं त्या माळेच्या सात मात्रांवर चालतं. एक ते सात मोजत बसा, मजा येते. गिटारचा सोलो आला की मात्र चार मात्रा होतात आणि गाणं एकदम मोकळं पळायला लागतं. तुम्हाला आधी हे 'नुसतं छान' वाटलं असेल कारण डार्क साइडमध्ये चौघांचा तोल इतका जमून आलाय की कुठलीच गोष्ट उठून हाका मारत नाही. त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक ऐकलं की हा तोल किती अवघड आहे ते कळतं.

इथपर्यंत आलात की रस्ता फुटतो, आणि कुठे वळायचं ते तुमच्यावर आहे.

ॲनिमल्स, जानेवारी १९७७. तुमचा तिसरा मित्र ज्याच्यासाठी भांडतो तो. यावर राइटच्या नावावर एकही रचना नाही, पहिल्यांदाच असं झालं. आवाज बघा कसा झालाय, जवळचा, खरखरीत, हवा काढून घेतलेली. यांनी तो स्वतःच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत केला. विषय ऑरवेलच्या ॲनिमल फार्म या कादंबरीतल्या प्राण्यांच्या राज्यावरून घेतलेला, माणसं म्हणजे कुत्री, डुकरं आणि मेंढ्या. डॉग्ज हे १७ मिनिटांचं गाणं म्हणजे गिल्मोरनं आयुष्यात वाजवलेलं सगळ्यात चांगलं काम असं माझं मत आहे, वाद घालायला तयार आहे. तरीही शीपच्या सुरुवातीचा तो इलेक्ट्रिक पियानो ऐका, संध्याकाळच्या कुरणासारखा, तो राइट. नाव नाही, पण हात त्याचाच. कव्हरवरचं ते बॅटरसीच्या वीजकेंद्रावरचं फुगवलेलं डुक्कर चित्रीकरणाच्या वेळी दोरी तुटून उडालं आणि हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं, ते शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरलं. एकोज ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांना ॲनिमल्स बहुतेक लगेच आवडतो, हा माझा अनुभव आहे.

द वॉल, नोव्हेंबर १९७९. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या स्टेडियममध्ये वॉटर्स समोरच्या एका प्रेक्षकावर थुंकला, आणि आपण असं केलं याचाच त्याला धक्का बसला, प्रेक्षक आणि आपल्यामध्ये भिंत आहे ही कल्पना तिथून आली. २६ ट्रॅक, ८१ मिनिटं, दोन रेकॉर्ड. हे नाटक आहे, आणि नाटकासारखंच पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्द समोर ठेवून ऐकावं लागतं. याचं काम चालू असताना राइटला बँडमधून काढलं, आणि त्यानं नंतरच्या वॉलच्या कॉन्सर्टमध्ये पगारी वादक म्हणून वाजवलं. मला हे अजूनही लागतं. आणि तुम्ही कान देऊन ऐकलंत तर वॉलमध्ये जो एकटेपणा आहे तो शब्दांइतकाच त्या रिकाम्या जागेतूनही येतो, म्हणून तो अल्बम मोठा आहे. सुरुवात म्हणून मात्र मी तो कुणाला देत नाही. कम्फर्टेबली नम्ब तुम्ही ऐकलंय, पण त्याच्या आधीची तीन बाजूंची घुसमट अनुभवल्यावर तो शेवटचा सोलो किती उंचावरून येतो ते वेगळंच आहे.

पुढचं भराभर सांगतो. १९८३ चा द फायनल कट, त्यात राइट नाहीच, तो वॉटर्सचा अल्बम आहे, युद्धात गेलेल्या वडिलांसाठीचा, शब्द आवडणाऱ्यांनी जरूर ऐकावा. १९८७ चा ए मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन मी फारसा लावत नाही, त्या काळच्या ड्रमच्या आवाजाखाली तो दबलाय. १९९४ चा द डिव्हिजन बेल मात्र चांगला आहे, राइट परत आला, रचनाही करायला लागला आणि एक गाणं मुख्य आवाजात गायला, डार्क साइडनंतर पहिल्यांदा, म्हणजे २१ वर्षांनी. आवाज थकलेला आहे आणि गाण्याला तोच शोभतो. मागच्या बाजूला जायचं तर १९६७ चा द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन, बॅरेटचा, बीटल्स शेजारच्या खोलीत काम करत असताना तिथेच ॲबी रोडवर झालेला. तो लहान मुलाच्या गोष्टीसारखा आणि तितकाच भीतीदायक आहे, कधी लावायचा ते मूडवर आहे. ॲटम हार्ट मदर, गाईच्या कव्हरचा, आणि उमागुमा हे नंतर, बँडशी पुरती ओळख झाल्यावर.

म्हणजे मेडल, मग विश यू वर हिअर, मग थोडं थांबून डार्क साइड, आणि तिथून हवा हवी की शब्द हवेत त्याप्रमाणे वळा. तुम्हाला आधीपासूनच गाण्याचे शब्द वाचत ऐकायची सवय असेल तर हा क्रम मोडा आणि मेडलनंतर थेट ॲनिमल्स घ्या. आणि जे ऐकाल ते एकदाच ऐकून निकाल देऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना ऐका, मी स्वतः ॲनिमल्सला कित्येक वर्षं बाजूला ठेवला होता.

एक जागा राहिली, ती चुकवू नका. विश यू वर हिअरचा अगदी शेवट. अल्बम ज्यानं सुरू झाला त्याच शाइन ऑनचा नववा भाग इथे येतो, तो एकट्या राइटचा आहे, बाकीचे गाऊन, बोलून झालेत, आणि तो संथपणे वाजवत राहतो, आवाज हळूहळू विरत जातो. बहुतेक लोक इथे अल्बम संपला म्हणून पुढचं काहीतरी लावतात. तुम्ही आवाज थोडा वाढवा आणि थांबा. अगदी विझता विझता सिंथवर एक ओळखीची चाल येते, दोन-चार स्वरांची, सी एमिली प्ले ची. बॅरेटनं १९६७ मध्ये केलेलं गाणं, ज्यामुळे या बँडला लोक ओळखायला लागले. ती चाल राइटनं इतक्या हळू वाजवलीय की ज्याला सिड आठवतो त्यालाच ती ऐकू यावी.